पगाराचा गुणाकार

परदेशी गेलेल्या मुलाची चौकशी करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. प्रथम प्रकृती, त्यानंतर जेवणाखाण्याची सोय, आणि मग आवाज किंचित खाली आणून, ‘मिळतात किती?’ उत्तर कानी पडताच विचारणारा क्षणभर डोळे मिटतो. तो देवाचे नाव घेत नसतो. तो गुणाकार करीत असतो. डॉलर असतील तर एका आकड्याने, युरो असतील तर दुसऱ्या, दिरहम असतील तर तिसऱ्या. डोळे उघडतात तेव्हा त्यांत लाखांचा आकडा चमकत असतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या, इंदुरातच नोकरी करणाऱ्या मुलाकडे एक ओझरती, दयार्द्र दृष्टी टाकली जाते.

आम्ही इंदुरात बडा गणपतीच्या परिसरात राहतो. राजवाड्याकडून मल्हारगंजातून येणारा रस्ता जेथे विमानतळाच्या वाटेला लागतो, तेथे सुमारे 25 फूट उंचीची ती भव्य शेंदरी मूर्ती विराजमान आहे. विमानाने परदेशी निघालेला आमच्या आळीतील प्रत्येक मुलगा तेथे गाडी थांबवून नमस्कार करतो आणि मगच पुढे जातो. अशा नमस्कारांची संख्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार वाढली. दुबई, न्यू जर्सी, सिंगापूर, म्युनिक ही नावे आमच्या ओट्यावर देवास आणि उज्जैनच्या नावांइतक्याच सहजतेने घेतली जातात. आम्ही आयुष्यभर शाळेत गणित शिकविले असल्याने, ‘मास्तर, जरा हिशेब करून सांगा’ अशी विनंती आमच्याकडे वरचेवर येते. तो हिशेब केवळ गुणाकाराने होत नाही, हे सांगण्यासाठीच आपल्या शाळेच्या वार्षिकातील ही पाने आम्ही मागून घेतली.

वस्तुतः पगाराची ही तुलना आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना नवी नसावी. आमचे पूर्वज कोकणातून व देशावरून होळकरांच्या चाकरीसाठी आले, ते माळव्याच्या हवेवर लुब्ध होऊन नव्हे. मुलखात काय मिळते आणि येथे काय मिळेल, याचा विचार त्यांनीही केलाच असेल. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली आणि कारकून, फडणीस, वैद्य, पुराणिक अशी कितीतरी बिऱ्हाडे तिच्यामागून आली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे होळकर सरकारचा हाली रुपया चालत असे आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया. दोहोंचा भाव सारखा नसे. त्यामुळे पगाराचा आकडा सांगितला की ‘हाली की कलदार?’ असा प्रतिप्रश्न होई, असे घरच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. आजच्या ‘डॉलर की दिरहम?’ या प्रश्नाचा तो आजोबाच म्हणावयाचा. फरक एवढाच की हाली रुपयात पगार घेणारा इंदुराच्याच बाजारात धान्य घेत असे. मिळकत एका राज्यात आणि मन दुसऱ्या राज्यात अशी त्याची स्थिती क्वचितच होई.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. 2025 च्या जून महिन्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजिवापुढे तीन वाटा होत्या. तो संगणक अभियंता. सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीत त्याला वर्षाला बारा लाख, म्हणजे महिन्याला एक लाख रुपये मिळत होते. म्युनिकहून बोलावणे आले ते महिना 5,000 युरोंचे. दुबईच्या एका मित्राने 16,000 दिरहमांची जागा पाहून ठेवली होती. अमेरिकेचे नाव त्याने स्वतःच वगळले. तेथील परवान्याच्या रांगा व अनिश्चितता पाहून त्याचे मन तिकडे घेईना. (पुढे सप्टेंबरात त्या सरकारने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावले, तेव्हा वहिनींनी बडा गणपतीला नारळ फोडला.) घरात तो, त्याची पत्नी, चार वर्षांची कन्या, बहात्तरीचे बंधू आणि सदुसष्टीच्या वहिनी. बंधूंच्या हृदयावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली. पुतण्या एके रात्री आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, आई काही बोलत नाही, बाबा ‘जा’ म्हणतात पण माझ्याकडे पाहत नाहीत. तुम्ही निदान हिशेब तरी नीट मांडा.”

ओट्यावरचा गुणाकार सोपा होता. युरो शंभराच्या आसपास होता, दिरहम तेवीसच्या. म्हणजे म्युनिकचे पाच लाख, दुबईचे तीन लाख अडुसष्ट हजार आणि इंदूरचे एक लाख. पाचास एक! यावर आणखी काय बोलावयाचे, असे शेजाऱ्यांचे मत पडले.

आम्ही मात्र जुन्या दिनदर्शिकेचे कोरे पान घेऊन तीन रकाने आखले. पहिली ओळ कपातीची. इंदूरच्या पगारातून आयकर शून्य. कारण 2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न, आणि पगारदारांसाठी प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंतचे, करमुक्त केले. भविष्य निर्वाह निधी आणि राज्याचा व्यवसाय कर वजा जाता चौऱ्याण्णव हजारांच्या आत हाती येत. करच नाही, असे मात्र कोणी समजू नये. साबण, चपला, मुलीचे दप्तर, यांच्या किमतीत वस्तू व सेवा कर बसलेलाच असतो; तो पगारपत्रकात दिसत नाही एवढेच. आयकर श्रीमंताला ओळखतो, वस्तूंवरील कर कोणालाच ओळखत नाही.

दुबईचा रकाना सर्वांत स्वच्छ. तेथे पगारावर आयकर नाही. 2018 पासून वस्तूंवर 5 टक्के कर आहे, तोही जगाच्या मानाने हलकाच. सोळा हजार म्हणजे सोळा हजार. हा रकाना पाहून पुतण्याच्या डोळ्यांत आशा चमकली.

म्युनिकचा रकाना भरताना मात्र पेन्सिलीचे टोक झिजले. निवृत्तिवेतन विम्यासाठी पगाराच्या 18.6 टक्के भरावे लागतात, त्यांतील निम्मे मालक देतो, निम्मे नोकर. आरोग्य विमा, बेकारी विमा यांचेही तसेच. यांखेरीज वृद्ध व परावलंबी माणसांच्या शुश्रूषेसाठीही एक विमा आहे; तो 1995 साली सुरू झाला. त्यावर आयकर. गंमत अशी की तेथे नाव नोंदविताना धर्मही विचारतात, कारण चर्चच्या सभासदांकडून आयकराच्या 8 वा 9 टक्के चर्च-कर सरकार गोळा करून देते. पुतण्याला या एका करातून सुटका होती. वहिनींना ही बातमी फार आवडली. एकटा माणूस असता तर पाच हजारांतील सुमारे 3,100 युरो हाती पडले असते. पत्नी नोकरी करीत नसल्याने कराचा वर्ग बदलतो आणि ते सुमारे 3,600 होतात. शिवाय मुलीसाठी सरकार महिना 255 युरो बालभत्ता देणार. म्हणजे 3,855.

आमच्या ओट्यावरील एक गृहस्थ हे ऐकून संतापले. “चौदाशे युरो कापून घेतात? ही तर भरदिवसाची लूट!” त्यांचा राग समजण्यासारखा असला तरी तो अर्ध्याच पानावर आलेला होता. कापलेल्या पैशाचे काय होते, हे पान उलटल्यावर कळते. त्या आरोग्य विम्यात नोकरी न करणारी पत्नी व मूल वेगळी वर्गणी न भरता समाविष्ट होतात. सरकारी शाळेला फी नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांतही शिक्षणशुल्क नाही. नोकरी गेली तर काही काळ वेतनाचा मोठा भाग मिळत राहतो. पाच वर्षे वर्गणी भरली की म्हातारपणी तेथील निवृत्तिवेतनाचा हक्क उत्पन्न होतो, आणि भारत व जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार 2017 च्या मे महिन्यापासून अमलात असल्याने तो हक्क परत आल्यावरही बुडत नाही. अमेरिकेशी असा करार आजतागायत झालेला नाही. तेथे वेतनातून 6.2 टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात, परंतु त्या निवृत्तिवेतनासाठी साधारणतः दहा वर्षांची वर्गणी लागते. सहा-सात वर्षे राबून परतलेल्या कित्येक मराठी मुलांचे ते पैसे तिकडच्याच म्हाताऱ्यांच्या कामी आले.

दुबईच्या स्वच्छ रकान्याचेही पान उलटावे लागते. कर नाही, त्याचबरोबर परक्या नोकराला म्हातारपणीचे निवृत्तिवेतनही नाही. नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे मूळ वेतन, आणि पुढील वर्षांसाठी 30 दिवसांचे, एवढी पुंजी हाती ठेवतात. शाळा खासगी आणि महाग. राहण्याचा परवाना बहुतेकांच्या बाबतीत नोकरीला जोडलेला, म्हणजे नोकरी गेली की बिऱ्हाडही आवरण्याची तयारी ठेवावयाची. ज्याला आपण कर म्हणतो, तो तेथे घरभाडे आणि शाळेची फी या नावांनी भरावा लागतो, एवढेच.

दुसरी ओळ खर्चाची. दुबईत एका शयनगृहाचे घर 6,000 दिरहम, शाळा 2,500, किराणा 2,200, जाणे-येणे 800, वीज-पाणी व थंड हवा 700, कुटुंबाचा विमा व परवाने 500. बारा हजार सातशे झाले, उरले 3,300. म्युनिकमध्ये उष्णतेच्या खर्चासह भाडे 1,700 युरो. हा आकडा वहिनींनी तीनदा विचारून घेतला. अन्न 700, दोघांचे देशभर चालणारे मासिक तिकीट 116, बालवाडी व तेथील जेवण 150, वीज, दूरध्वनी व सक्तीची रेडिओ-वर्गणी 120, कपडेलत्ते व किरकोळ 220. उरले सुमारे 850. इंदुरात घर स्वतःचे, भाडे नाही. खर्च बावन्न हजार, उरले बेचाळीस.

विद्यार्थी मित्रांनो, आता शिलकेचे रुपये करून पाहा. म्युनिकचे पंच्याऐंशी हजार, दुबईचे सुमारे शहात्तर हजार, इंदूरचे बेचाळीस हजार. पाचास एक हे प्रमाण कोठे गेले? ते दोनास एक झाले. आणि हे दोनही केव्हा, तर ती शिल्लक इंदुरात आणून खर्च केली तरच. तेथेच खर्च करावयाची झाली तर 850 युरोंत म्युनिकच्या घराचे अर्धेच भाडे होते. इंदूरच्या बेचाळीस हजारांत आमच्या आळीत तीन बिऱ्हाडांचे भाडे निघते.

हा चमत्कार विद्वानांनाही फार दिवस छळत आला आहे. गुस्टाव्ह कासेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात क्रयशक्तीच्या समानतेची कल्पना मांडली: सराफी बाजारातील भाव बाजूला ठेवा, एक टोपली घ्या, तीत तेच तेच जिन्नस भरा आणि दोन्ही देशांत त्या टोपलीला किती पडते ते पाहा. 1968 पासून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ व संयुक्त राष्ट्रसंघ यांनी अनेक देशांच्या टोपल्या पद्धतशीरपणे मोजण्यास आरंभ केला. पुढे ते काम जागतिक बँकेकडे आले. त्या मोजणीप्रमाणे एका डॉलरला अमेरिकेत जे मिळते ते भारतात साधारण वीस-बावीस रुपयांत मिळते, जरी बाजारात डॉलरला 2025 साली पंच्याऐंशीहून अधिक रुपये पडत होते.

त्याही आधी आपल्याकडे दादाभाई नौरोजींनी असाच एक विचार केला होता. 1867-68 च्या सुमाराची हिंदी माणसाची वार्षिक मिळकत त्यांनी दरडोई 20 रुपये काढली. पण आकडा काढून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याला जगविण्यास सरकारला किती खर्च येतो, ते त्यांनी तिच्याशेजारी मांडले, आणि मोकळ्या माणसाची मिळकत कैद्याच्या खर्चाहूनही उणी भरली. मिळकतीशेजारी खर्च मांडल्यावाचून मिळकतीला अर्थ येत नाही, हे तंत्र त्यांच्या 1901 सालच्या ग्रंथात आजही पाहावयास मिळते. गणिताच्या शिक्षकांनी तो ग्रंथ इतिहासाच्या शिक्षकांवर सोपवून दिला, हे आम्हांस नेहमी खटकत आले आहे.

परंतु इंदूर स्वस्त का, हा प्रश्न उरतोच. आमच्या चौकातील पोह्यांच्या गाडीवर एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा काम करतो. पहाटे पाचपासून दहा तास उभे राहून त्याला साडेचारशे रुपये रोज मिळतो, म्हणजे तासाला पंचेचाळीस. जर्मनीत 2025 साली कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला 12 युरो 82 सेंट होते. कपातीपूर्वीचे, हे लक्षात असू द्यावे. आम्ही पैशांऐवजी त्यांच्या वेळात किंमत मोजून पाहिली. पोह्यांची बशी पंचवीस रुपयांची; ती विकत घ्यावयाची तर त्या मुलाला तेहतीस मिनिटे राबावे लागते. म्युनिकच्या बेकरीतील मुलीला तेथील खारी, पिळदार पावाची वेटोळी एका युरोला मिळते. तिची पाचच मिनिटे जातात. पेट्रोलचा लिटर इंदुरात एकशे सहा रुपयांवर होता, म्हणजे त्या मुलाचे दोन तास वीस मिनिटे. जर्मनीत सुमारे 1 युरो 70 सेंट, म्हणजे त्या मुलीची आठ मिनिटे. आणि आता केस कापणे पाहा. इंदुरात शंभर रुपये: सव्वादोन तास. म्युनिकमध्ये तीस युरो: दोन तास वीस मिनिटे. जवळजवळ सारखेच!

याचे कारण उघड आहे. पेट्रोलची किंमत जग ठरविते. केस कापण्याची किंमत कापणाऱ्याचे वेतन ठरविते. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1964 साली स्वतंत्रपणे हेच सिद्धान्तरूपाने मांडले. ज्या देशात कारखान्यातील कामगाराचे उत्पादन व वेतन मोठे, तेथे न्हाव्यालाही मोठे वेतन द्यावे लागते, नाहीतर तोही कारखान्यात जाईल. कात्री दोन्हीकडे एकच. आपल्याकडे धुणेभांडी, रिक्षा, इस्त्री, पोहे स्वस्त आहेत याचा अर्थ ती करणारी माणसे स्वस्त आहेत. पुतण्याच्या बेचाळीस हजारांच्या शिलकेत त्या पोरक्या वाटणाऱ्या मुलाचाही वाटा होता. ‘इंदुरात किती सुखाने राहता येते’ असे जो म्हणतो, तो बहुधा बशीच्या अलीकडचा असतो, पलीकडचा नव्हे.

आम्ही हे सर्व पुतण्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काका, बाबांसाठी कोणता रकाना आहे?”

तो रकाना आखण्याचा आम्ही प्रयत्न केला. बंधूंची सत्तरी उलटलेली असल्यामुळे 2024 च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या आयुष्मान योजनेच्या विस्तारात त्यांना पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. वहिनी मात्र सत्तरीच्या अलीकडे असल्याने त्यांना नाही. औषधांचा खर्च मांडता आला. रात्री अडीच वाजता जिना उतरविण्याचा खर्च कसा मांडावयाचा? शेजारी आहेत, आम्हीही दोन घरे सोडून आहोत. पण आमचेही गुडघे आता आमचे राहिलेले नाहीत. पुतण्याने मग आणखी एक ओळ घातली: घरी राहणारी मदतनीस बाई, महिना चौदा हजार. म्युनिकच्या शिलकेतून ते वजा केले, दरवर्षीच्या विमानतिकिटांचे बाराव्या हिश्शाने वजा केले, तर शिल्लक पन्नास हजारांच्याही खाली आली. म्हणजे इंदूरच्या बेचाळीस हजारांशी तिचे जवळजवळ लागेबांधेच जुळले. पैशासाठीच जावयाचे असते तर त्या रात्री त्याने जाण्याचा विचार सोडावयास हवा होता.

तो गेला. 2025 च्या ऑक्टोबरात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. त्याला ज्या यंत्रविद्येचे काम करावयाचे होते ते येथे मिळत नव्हते. मुलीला पायी शाळेत जाता येईल असे रस्ते त्याला हवे होते. आणि संध्याकाळी पाचला कचेरीतून सुटण्याची त्याची फार दिवसांची इच्छा होती. या तिन्ही गोष्टी आमच्या पानावर कोठेच नव्हत्या. रागावण्याचा आम्हांस अधिकार नाही. कोकणातून आलेल्या आमच्या पणजोबांच्या आईलाही कोणी विचारले नसेल.

बंधू आता दरमहा मोबाइलवर आलेले त्याचे वेतनपत्रक चष्मा लावून वाचतात. जर्मन शब्द त्यांना येत नाहीत, पण ओळी पाठ झाल्या आहेत. एके दिवशी त्यांनी शुश्रूषा-विम्याच्या ओळीवर बोट ठेवले. महिन्याला नव्वद युरो. “म्हणजे याच्या पगारातून तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा होते?” त्यांनी विचारले. “होय,” आम्ही म्हणालो. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. वहिनी आतून म्हणाल्या, “होऊ दे की. कोणाचे तरी आईबापच असतील.” आणि मग आमच्याकडे वळून, “भाऊजी, चहा थंड होतोय.”

घरी आलेली मदतनीस बाई झाबुआकडची आहे. शांत, कामसू, बंधूंचा रक्तदाब यंत्राने मोजून वहीत लिहून ठेवते. तिचे सासूसासरे आणि दोन मुले गावी आहेत. त्यांचे कोण पाहते, असे वहिनींनी विचारले तेव्हा ‘मोठी मुलगी पाहते’ असे तिने सांगितले. मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिचा नवरा इंदुरातच इमारतींच्या कामावर मजुरी करतो. त्या भागातील पुष्कळ भिल्ल मजूर पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा संपला की गुजरातेत कामाला जातात. त्यालाही बडोद्याहून एका मुकादमाचे बोलावणे आले होते. आम्ही हिशेब करतो हे बाईकडून समजल्यावर गेल्या महिन्यात एका रविवारी तो ओट्याशी येऊन उभा राहिला. इंदुरात पाचशे पन्नास रोज, बडोद्यात सातशे. जावे का?

त्याला आम्ही बसावयास सांगितले. तो पायरीवरच बसला. दिनदर्शिकेचे आणखी एक पान घेतले आणि दोन रकाने आखले. बडोद्यात महिन्याला काम किती दिवस मिळते? बावीस. इंदुरात? चोवीस-पंचवीस. तेथे राहणे कोठे? कामाच्या जागीच, पत्र्याच्या आडोशाला, भाडे नाही. येथे खोलीचे अडीच हजार. आगाऊ उचल घ्यावी लागेल का? लागेल, दहा हजार. ती मुकादम कापून घेईल. गावी येण्याचे बसभाडे, दोघांची वेगळी चूल, शिधापत्रिकेवरचे धान्य तेथे मिळेल की नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर तयार होते. त्याने हा हिशेब मनाशी कितीतरी वेळा केलेला असावा. त्याला तो फक्त कागदावर पाहावयाचा होता. शेवटी बडोद्याची शिलक महिन्याला सुमारे बाराशे रुपयांनी अधिक भरली.

“आणि ती इकडे, पोरं तिकडे, मी तिसरीकडे,” तो म्हणाला. “ते कुठं लिहिलंय?”

आम्ही कागद त्याच्या हाती दिला. त्याने तो चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, होळीनंतर ठरवू म्हणाला, आणि आत जाऊन बंधूंना खुर्चीवरून उठविण्यास बायकोला मदत करू लागला.